माशांच्या टाकीतला हीटर : ऊब, वीज आणि जोखीम

जानेवारीतली पहाट होती. हॉलमधला दिवा लावला आणि आधी दिसलं ते टाकीच्या काचेवर आतून साचलेलं धुकं. झाकणाखालून थेंब ओघळत होते. चारही एंजल मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराला येऊन धापा टाकत होते आणि एरवी काचेला चिकटून असणारा सकर तळाशी आडवा पडला होता. थर्मामीटर ३५ अंश दाखवत होता. हीटरच्या डायलवर मात्र २६ चा आकडा होता आणि त्याचा लाल दिवा रात्रभर जळतच राहिला होता. दोन फुटी टाकीतल्या जेमतेम ५० लिटर पाण्यात २०० वॉटचा हीटर होता. "मोठाच घ्या, पाणी लवकर तापतं," असं सांगून तो मला विकला गेला होता आणि मीही काही न विचारता तो घेतला होता. त्या दिवशी दोन एंजल वाचले. बाकीचे दोन आणि सकर गेले.

हीटर हे टाकीतलं एक विलक्षण यंत्र आहे. फिल्टर बंद पडला तर आपल्या हातात काही तास असतात. दिवा गेला तर काहीच बिघडत नाही. हीटर मात्र बंद पडला तरी मासे मारतो आणि बंद व्हायचा राहिला तरी मारतो. शिवाय काचेची एक पातळ नळी सोडली तर २३० व्होल्टची वीज आणि आपला ओला हात यांच्यामध्ये काहीच नसतं. इतक्या वर्षांत मी यावरून एकच गोष्ट शिकलो. हीटर कधी ना कधी बिघडणारच. तो बिघडला तरी मासा आणि माणूस दोघंही वाचतील, अशी मांडणी आधीच करून ठेवायची. निवड, जागा, जोडणी, दुरुस्ती या सगळ्या प्रश्नांची उत्तरं याच एका सूत्राने सुटतात.

हीटर लागतो कुणाला?

माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाण्याचं तापमान तेच त्याच्या रक्ताचं तापमान. पाणी गार झालं की पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती उतरते आणि मासा कोपऱ्यात पंख मिटून बसतो. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा, फायटर हे आपल्याकडचे नेहमीचे मासे उष्ण कटिबंधातले. त्यांना साधारण २४ ते २८ अंश मानवतं. डिस्कसला २८ ते ३० लागतं. गोल्डफिश मात्र थंड पाण्यातला मासा. त्याला १८ ते २२ अंश पुरतं, म्हणून त्याच्या टाकीत हीटर घालणं म्हणजे पैसे देऊन त्याला त्रास देणं.

महाराष्ट्रात हा प्रश्न गावागणिक बदलतो. मुंबईच्या बंद खोलीत बहुतेक हिवाळा हीटरशिवाय निघतो. थंडीची लाट असेल किंवा खोलीत रात्रभर एसी चालत असेल, तरच तो लागतो. पुणे, नाशिक, नागपूर इथे मात्र डिसेंबर-जानेवारीत बाहेरचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, निफाडसारख्या ठिकाणी त्याच्याही बराच खाली जातो, आणि घरातली खोली पहाटे १८ अंशांपर्यंत उतरते. दुपारी तीच खोली २५ अंशांवर असते. माशाला खरा मार बसतो तो या रोजच्या चढउताराचा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला दुकानात सगळे व्हाइट स्पॉट म्हणतात, तो इक्थियोफ्थिरियस नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो, आणि थंडीने खचलेल्या माशावर तो चटकन पसरतो. म्हणून हीटरचं काम पाणी गरम करणं एवढंच नाही, ते एका जागी स्थिर ठेवणं हे आहे. टाकी २५ वर स्थिर असेल तर ती २४ ते २८ मध्ये रोज हेलकावणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी चांगली.

अति ऊबही तितकीच वाईट. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २५ अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला तो ७ च्याही खाली येतो. त्याच वेळी गरम पाण्यातल्या माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त हवा असतो. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. माझे एंजल पृष्ठभागावर का आले होते, याचं उत्तर एवढंच आहे.

नळीच्या आत

त्या रात्री बिघडलेला हीटर मी पूर्ण कोरडा केला आणि वर्तमानपत्रावर ठेवून उघडला. रबरी टोपण ओढून काढलं की आतला सांगाडा बाहेर येतो. खालच्या भागात चिनी मातीच्या दांडीवर गुंडाळलेली निक्रोमची बारीक तार असते. ही तारच तापते. वरच्या भागात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी असते. ऊब लागली की दोन्ही धातू कमी-जास्त फुगतात, पट्टी वाकते आणि तिच्या टोकाचा संपर्कबिंदू समोरच्या बिंदूपासून सुटतो. करंट तुटतो. पाणी निवलं की पट्टी सरळ होते आणि बिंदू पुन्हा टेकतात. ते टेकताना-सुटताना रेंगाळू नयेत, चटकन जुळावेत आणि चटकन सुटावेत, म्हणून शेजारी एक चिमुकलं लोहचुंबक असतं. डायल फिरवला की एक स्क्रू या पट्टीवरचा ताण कमी-जास्त करतो. लाल दिवा हा साधा निऑन.

माझ्या हीटरचे ते दोन बिंदू काळे पडून एकमेकांना चिकटले होते. नखाने ढकलल्यावर बारीक टक्क आवाज करून सुटले. दर वेळी बिंदू सुटताना त्यांच्यामध्ये एक बारीक ठिणगी पडते. हीटर तासाला चार वेळा चालू-बंद झाला असं धरलं तरी दिवसाला शंभराच्या आसपास आणि चार महिन्यांच्या हंगामात अकरा-बारा हजार ठिणग्या होतात. धातू थोडा थोडा वितळत जातो आणि एके रात्री दोन्ही बिंदू जोडले जातात. उलटही घडतं. बिंदूंवर काजळी बसते, करंट जातच नाही आणि हीटर गार राहतो. म्हणजे हे एखाद्याच्या नशिबाचं प्रकरण नाही. या रचनेची झीजच अशी होते.

बाजारात आता इतर प्रकारही मिळतात. इलेक्ट्रॉनिक हीटरमध्ये धातूच्या पट्टीऐवजी तापमानाप्रमाणे रोध बदलणारा थर्मिस्टर असतो. त्याचं मोजमाप जास्त नेमकं असतं, पण करंट चालू-बंद करणारा आतला रिले किंवा ट्रायॅक चालू स्थितीत अडकू शकतो, म्हणजे जुना धोका नव्या रूपात राहतोच. काचेऐवजी टायटेनियमच्या नळीचे हीटर मोठ्या माशांच्या टाकीत कामाला येतात. फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर यांच्या धडकेने काच फुटते, धातू फुटत नाही. त्यांची पिन अर्थिंगच्या तीन टोकांची असेल तर ती तशीच ठेवावी, तिसरं टोक कधीही काढू नये. अगदी छोट्या टाक्यांसाठी विकले जाणारे, डायलच नसलेले चपटे हीटर पाणी खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवतात. खोली गरम झाली की तेही पाणी त्याच प्रमाणात चढवतात. त्यांच्यावर भरवसा ठेवून झोपू नये.

किती वॉटचा घ्यावा?

आपल्याकडे टाकी फुटात मोजतात, म्हणून हिशेबही तिथूनच करू. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीचं आकारमान ५६ लिटरच्या थोडं वर जातं. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरतं साधारण ५० लिटर. झाकण असलेल्या अशा टाकीतून, पाणी खोलीपेक्षा १ अंशाने गरम असेल तर ढोबळमानाने साडेपाच वॉट ऊब बाहेर जाते. खोली १८ वर आणि पाणी २६ वर ठेवायचं असेल तर आठ अंशांचा फरक, म्हणजे ४५ वॉटच्या आसपास. म्हणून मी असं धरतो, की पाणी खोलीपेक्षा पाचेक अंश वर ठेवायचं असेल तर लिटरमागे अर्धा वॉट पुरे आणि आठ-नऊ अंश वर ठेवायचं असेल तर एक वॉट.

आता याच आकड्यांकडे बिघाडाच्या बाजूने पाहू. १८ अंशांच्या खोलीत या टाकीत ५० वॉटचा हीटर चालू स्थितीत अडकला, तर पाणी फार तर २७ अंशांच्या आसपास जाऊन थांबेल, कारण तेवढीच ऊब बाहेर जात राहील. मासे बिनघोर राहतील. त्याच जागी २०० वॉटचा अडकला तर चार-साडेचार तासांत पाणी २६ वरून ३६ वर पोचेल, आणि आपण नेमके तेवढे तास झोपेत असतो. "मोठाच घ्या" हा सल्ला म्हणूनच घातक आहे. एक १०० वॉटचा घेण्यापेक्षा ५० वॉटचे दोन घेऊन टाकीच्या दोन टोकांना लावावेत. एक अडकला तर तो एकटा पाणी उकडवू शकत नाही, एक मेला तर दुसरा रात्र निभावतो. मोठ्या टाकीत तर ऊब सगळीकडे सारखी पसरते, हा आणखी एक फायदा.

याचाच दुसरा अर्थ असा, की उन्हाळ्यात हीटर बोर्डातून काढूनच ठेवला पाहिजे. खोली ३२ अंशांवर असताना तोच ५० वॉटचा हीटर अडकला तर पाण्याला ४० च्या पुढे नेण्याची ताकद त्याच्यात असते. होळी झाली की पिन काढायची आणि हीटर धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा, हा माझ्या घरचा नेम आहे.

झाकणाचं महत्त्वही इथेच सांगतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी ऊब बरोबर घेऊन जातं. उघडी टाकी रोज लिटर-दीड लिटर पाणी गमावते. झाकण बसवलं की हीटरचं काम, विजेचं बिल आणि संपर्कबिंदूंची झीज हे तिन्ही एकदम कमी होतात. झाकलेल्या दोन फुटी टाकीत पाणी २६ वर आणि खोली २० वर असेल, तर महिन्याला २५ युनिटच्या आसपास खर्च येतो.

परदेशातल्या नातेवाइकांकरवी हीटर आणवणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. व्होल्टेज दुप्पट झालं की शक्ती चौपट होते. तिथला १०० वॉटचा हीटर पिन बदलून इथे लावला, तर तो ३६० वॉटच्या पुढे जाऊन काही मिनिटांत जळेल किंवा फुटेल. इथला १०० वॉटचा हीटर न्यू जर्सीतल्या भावाकडे नेला तर तो २७ वॉटचाच उरेल आणि पाणी गारच राहील. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं होत नाही, नळीवर छापलेला व्होल्टचा आकडा वाचावा.

जागा

हीटर अशा ठिकाणी हवा, जिथे पाणी सतत वाहतं असतं. फिल्टरच्या धारेजवळची जागा सर्वांत चांगली. साचलेल्या कोपऱ्यात ठेवला तर त्याच्याभोवतीचं पाणी लगेच तापतं, पट्टी वाकते, हीटर बंद होतो आणि टाकीचा दुसरा कोपरा गारच राहतो. पूर्ण बुडणारा हीटर आडवा किंवा तिरका, तळापासून दोन-तीन इंच वर लावला की ऊब खालून वर पसरते आणि पाणी थोडं कमी झालं तरी नळी उघडी पडत नाही. मात्र नळीवर पाण्याची किमान पातळी दाखवणारी रेघ असेल आणि हीटर उभाच लावा असं लिहिलेलं असेल, तर ते पाळावं. खडीत हीटर कधीही पुरू नये. खडीत अडकलेली ऊब बाहेर जात नाही आणि काच तिथेच तडकते.

रबरी चोषकं दोन वर्षांत कडक होतात आणि हीटर सुटून तळाशी पडतो. हाताने हलवून पाहत राहावं. सकर आणि फायटर यांना उबदार नळीला चिकटून बसायची सवय असते आणि त्यात त्यांच्या अंगाला भाजल्याचे व्रण पडतात. त्यासाठी हीटरवर बसवायची प्लास्टिकची जाळी मिळते, ती लावावी.

वीज आणि ओला हात

या भागातल्या चुका माशांपुरत्या राहत नाहीत.

पहिली गोष्ट, बोर्डाची जागा. बोर्ड किंवा एक्स्टेन्शन टाकीच्या खाली ठेवू नये, जमिनीवर तर कधीच नाही. जागेअभावी टाकीच्या खाली, पण जमिनीच्या वर ठेवावंच लागलं तर तार सरळ पिनपर्यंत नेऊ नये. ती बोर्डाच्याही खाली जाऊन पुन्हा वर येईल असा तिला झोळ द्यावा. टाकीतून तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब थेंब गळून जातं, सॉकेटात शिरत नाही. फुकटात मिळणारं इतकं मोठं संरक्षण दुसरं नाही.

दुसरी गोष्ट, पिन काढणं. आपल्याकडचे बरेच हीटर दोन टोकांच्या पिनेचे असतात. ती पिन सॉकेटात कशीही उलटसुलट बसते. आतला थर्मोस्टॅट, म्हणजे ती वाकणारी पट्टी, एकच तार तोडतो, आणि पिन उलटी बसली असेल तर तो न्यूट्रल तोडतो. फेज तापणाऱ्या तारेपर्यंत तसाच उभा राहतो. म्हणजे दिवा बंद दिसतो, हीटर गार असतो, पण काचेला तडा गेला असेल तर पाण्यात करंट असतो. भिंतीवरच्या स्विचचंही वायरिंग चुकलेलं असू शकतं. म्हणून नियम एकच : हात पाण्यात घालण्याआधी पिन सॉकेटातून बाहेर काढायची. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

तिसरी गोष्ट, आरसीसीबी. घरातली एमसीबी जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट यांच्यासाठी असते, माणसाला बसणाऱ्या शॉकपासून ती वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गेलेला आणि परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती ३०० मिलिसेकंदांच्या आत, आणि फरक मोठा असेल तर त्याहूनही झपाट्याने, वीज तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही ते पाहावं. जुन्या इमारतीत आरसीसीबी नसेल तर टाकी विकत घेण्याआधी वायरमनला बोलवावं. माशांच्या छंदातला मी केलेला सर्वांत मोलाचा खर्च हाच.

काचेची टाकी लाकडी स्टँडवर असते, म्हणजे तिचं पाणी जमिनीपासून अलग असतं. त्यामुळे हीटर फुटून पाण्यात करंट उतरला तरी तो वाहायला वाट नसते. ती वाट आपला हात देतो, आणि तेव्हा आरसीसीबी पडते. पाण्यात अर्थिंगची सळई सोडली तर गळती होताक्षणी आरसीसीबी पडेल, हात लागायची वाट पाहणार नाही. पण आरसीसीबी नसताना नुसती अशी सळई लावणं धोक्याचं, कारण मग गळणारा करंट पाण्यातून वाहत राहतो आणि कुणाला कळतही नाही. दोन्ही असतील तरच ते संरक्षण.

टाकीत टेस्टर बुडवून पाहणारे बरेच असतात. टेस्टर लागला म्हणजे हीटर फुटलाच असं नाही, जवळच्या पंपामुळे आणि तारांमुळेही तो मंद लागतो. एकेक यंत्राची पिन काढत जावं आणि कुठलं काढल्यावर तो विझतो ते बघावं. पण तो लागला असेल तर कारण सापडेपर्यंत पाण्याला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड टाकीत कधीही घालू नका, "पाचच मिनिटं" म्हणूनही नाही. त्याला थर्मोस्टॅट नसतो, तो हजार-दीड हजार वॉटचा असतो आणि माणसाने हात घालायच्या पाण्यासाठी तो बनलेलाच नाही.

बिघाड ओळखताना

दुरुस्तीची सुरुवात हीटरपासून करू नये, थर्मामीटरपासून करावी. हीटरच्या डायलवरचा आकडा हा अंदाज असतो, दोन-तीन अंशांचा फरक नवाकोरा असतानाही असू शकतो. स्वतंत्र थर्मामीटर हवा आणि तोही पारखलेला. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळावं, थर्मामीटर ० दाखवतो का ते पाहावं. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या खोलीचं तापमान मिसळून दाखवतात, त्यांच्यावर निर्णय घेऊ नये.

हीटर तापत नसेल तर आधी सॉकेटात दुसरं काही लावून वीज आहे का ते पाहावं. मग डायल चार-पाच अंशांनी वर न्यावा. दिवा लागला आणि पाणी चढू लागलं तर हीटर जिवंत आहे, चूक डायलची. दिवा लागला पण तासाभरातही पाणी चढलं नाही, तर एक तर वॉट कमी पडतायत किंवा आतली तार तुटली आहे. १०० वॉटच्या हीटरला ५० लिटर पाणी एक अंश चढवायला, ऊब बाहेर गेलीच नाही असं धरलं तरी, ३५ मिनिटं लागतात, त्यामुळे घाई करू नये. मल्टिमीटर हाताशी असेल तर पिन काढून, हीटर कोरडा करून पिनेच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. डायल वर असताना १०० वॉटचा हीटर सुमारे ५३० ओम दाखवतो, ५० वॉटचा १,०६० च्या जवळ. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली आहे किंवा बिंदू टेकत नाहीत. इलेक्ट्रॉनिक हीटरला मात्र ही परीक्षा लागू नाही.

पाणी सांगितल्यापेक्षा जास्त तापत असेल तर डायल खाली आणून पाहावं. दिवा विझला नाही तर बिंदू चिकटलेत. इथे हीटर ठोकून, हलवून "सुटला" म्हणत पुन्हा वापरायचा मोह होतो. तो आवरावा, कारण एकदा चिकटलेले बिंदू पुन्हा चिकटतातच. मासे धापा टाकत असतील तर आधी पिन काढावी, एअर पंप पूर्ण सोडावा, दिवा बंद करावा, झाकण उघडावं आणि पाव टाकी पाणी थोडं गार पाणी घालून हळूहळू बदलावं. बर्फ घालायचाच तर बंद पिशवीत घालून. तासाला दोनेक अंश इतपतच पाणी उतरू द्यावं, थंड पाण्याची बादली एकदम ओतली तर जे उष्णतेने वाचलं ते धक्क्याने जातं.

नळीच्या आत वाफ किंवा थेंब दिसले तर टोपणाचं रबर गेलं आहे. असा हीटर वाळवून, डिंक लावून वापरू नये, टाकून द्यावा. आरसीसीबी हीटर लावताच पडत असेल तर त्याचा अर्थ तोच. बोअरच्या जड पाण्यात नळीवर पांढरा थर बसतो, ऊब बाहेर पडायला अडते आणि काच एका जागी जास्त तापते. पिन काढून, नळी निवल्यावर व्हिनेगरच्या किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फक्त काचेचा भाग अर्धा तास बुडवून ठेवला की थर सुटतो. खरवडू नये.

पाणी बदलताना, वीज गेल्यावर

हीटर फुटण्याची बरीचशी प्रकरणं पाणी बदलताना होतात. पातळी खाली जाते, नळी हवेत उघडी पडते, आतली तार तापतच राहते आणि वरून गार पाण्याची धार पडली की काच तडकते. पाणी काढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पिन काढून ठेवावी आणि टाकी पुन्हा भरल्यावर आणखी पंधरा मिनिटांनी लावावी. नवं पाणी टाकीच्या एक-दोन अंशांच्या आत असावं. बादलीत गीझरचं थोडं पाणी मिसळून, थर्मामीटर बुडवून खात्री करावी. हाताचा अंदाज थंडीच्या दिवसांत हमखास चुकतो.

रात्री वीज गेली तर दोन फुटी टाकी सुरुवातीला तासाला साधारण पाऊण अंश उतरते, मोठी टाकी त्याहून सावकाश. म्हणजे पहिले दोन-तीन तास काळजी उबेची नसते, प्राणवायूची असते. इन्व्हर्टरवर हीटर लावण्यापेक्षा चार-पाच वॉटचा एअर पंप लावावा. टाकीच्या तिन्ही बाजूंना गोधडी गुंडाळावी, वरून हवेला थोडी जागा ठेवावी. आमच्याकडे आजीच्या हातची एक जुनी गोधडी खास टाकीसाठी ठेवलेली आहे. वीज आल्यावर पाणी सावकाशच चढू द्यावं.

घेताना आणि बदलताना

मत्स्यटाकीच्या विजेच्या उपकरणांसाठी आयईसी ६०३३५-२-५५ हा आंतरराष्ट्रीय सुरक्षा निकष आहे. नळीवर किंवा खोक्यावर त्याचा उल्लेख, व्होल्ट-वॉटचे स्पष्ट आकडे आणि पाण्यात सतत बुडवून ठेवण्यासाठीची आयपीएक्स८ किंवा आयपी६८ ही खूण शोधावी. नुसतं "वॉटरप्रूफ" पुरेसं नाही. चांगल्या नावावरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. २०११ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एका नामांकित कंपनीचे लाखो हीटर परत मागवायला लावले होते, कारण वायरिंगमधल्या दोषामुळे ते अति तापून फुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता.

आरसीसीबीनंतरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च म्हणजे वेगळा कंट्रोलर. त्याचा सेन्सर पाण्यात राहतो आणि तो हीटरची वीज बाहेरून तोडतो. कंट्रोलर २६ वर आणि हीटरचा स्वतःचा डायल २७ वर ठेवायचा. मग हीटरचे बिंदू चिकटले तरी कंट्रोलर वीज तोडतो, आणि कंट्रोलरचा रिले अडकला तरी हीटर २७ ला थांबतो. मासे धोक्यात येतील ते दोन्ही एकाच रात्री बिघडले तरच. सेन्सर मात्र चोषकाने घट्ट बसवावा. तो निसटून टाकीबाहेर लोंबला तर कंट्रोलर खोलीची थंडी मोजत बसतो आणि सगळा भार पुन्हा हीटरच्या डायलवर येतो.

नवा हीटर आधी बादलीत एक दिवस चालवून, थर्मामीटरने पारखून मगच टाकीत सोडावा. तारीख रंगाने तारेवर लिहावी. दोन-तीन हंगाम झाले की तो चालत असला तरी मी बदलतो. काही हजार रुपयांचे मासे काही शे रुपयांच्या काळ्या पडलेल्या बिंदूंच्या भरवशावर ठेवणं मला आता जमत नाही.

आज माझ्या टाकीत ५० वॉटचे दोन हीटर आहेत, बाहेर एक कंट्रोलर, भिंतीवर आरसीसीबी आणि प्रत्येक तारेला झोळ. तो उघडलेला जुना हीटर मी फेकला नाही. छंदाला नव्याने लागलेलं कुणी घरी आलं की त्याचे ते दोन काळे बिंदू मी दाखवतो, आणि मग टाकीजवळ नेऊन हात पाण्यात घालण्याआधी पिन कशी काढायची तेही. वाचलेल्या दोन एंजलांपैकी एक अजून आहे. सकाळी दिवा लावला की मी आधी थर्मामीटर बघतो, मग त्याच्याकडे.